मामाचा हात

योगेंद्रने काठी इतकी झकास केली होती, की दिपमालाला ती मोडून चुलीत घालावीशी वाटत होती.

काठी खरी नव्हती, स्क्रीनवरची होती. पण फिरली की हवा कापल्याचा आवाज यायचा, समोरच्याच्या खांद्यावर बसली की त्याच्या सदऱ्यातून धूळ उडायची, अन् हातातल्या कंट्रोलरला असा हिसका बसायचा की मारणाऱ्यानेच म्हणावं, लागलं बुवा. योगेंद्रने वर्षभर दुसरं काही केलं नव्हतं. पाय कसा टाकायचा, कंबर कशी वळवायची, वार चुकवून मागे कसं सरायचं, सगळं त्याने स्वतः गच्चीवर काठी फिरवून बघितलं होतं. एकदा पाण्याची टाकीही फोडली. त्याच्या मेहनतीला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती, दिपमालाचीही नाही. पण त्या काठीने तिच्या पोटावर पाय दिला होता, त्याचं काय?

गोष्ट अशी की, या दोघांनी मिळून 'गावशीव' नावाचा गेम केला होता. जळगावात पिंप्राळ्याच्या रस्त्याला लोटनभाऊंचं बॅटऱ्यांचं दुकान आहे, त्याच्या वरची एक खोली, दोन टेबलं अन् एक कुरकुरणारा पंखा, एवढाच त्यांचा कारखाना. योगेंद्र मूळचा धुळ्याचा, कोड लिहायचा. दिपमाला त्याच्याहून दहाएक वर्षांनी मोठी, शाळेतली नोकरी सोडून आलेली. गोष्ट तिची, अन् गोष्टीतल्या माणसांच्या तोंडचं प्रत्येक वाक्य तिचं.

त्या पहिल्या गेममधली मारामारी म्हणजे निव्वळ फजिती होती. काठी माणसाच्या आरपार जायची. गुंड तोंड फिरवून लिंबाच्या झाडाला मारत बसायचा. लोक हसून हसून बेजार व्हायचे, तरी खेळायचे, कारण त्यात धना नावाचा जो माणूस होता, तो तुम्ही ठरवाल तसा व्हायचा. गोडबोल्या म्हणा, तापट म्हणा, बेरकी म्हणा. तुम्ही जसं बोलाल तसं गाव तुमच्याशी वागायचं. हरवलेली म्हैस शोधून आणायची तर तुम्ही ती मागून आणू शकत होता, थाप मारून आणू शकत होता, नाहीतर चोराच्या दारात फतकल मारून बसू शकत होता. पाचोऱ्याच्या ऋतिका नावाच्या एका मुलीने त्यांना कळवलं होतं, "एकदा खरं बोलून खेळले, एकदा थापा मारून, अन् आता रुसून खेळतेय. रुसल्यावर जास्त मजा येते." दिपमालाने तो निरोप आल्यागेल्याला दाखवला होता. बायका जावयाचा फोटो दाखवतात ना, तसा.

आता चालला होता दुसरा भाग, त्या झकास काठीचा. त्यात धना आपल्या बहिणीच्या, गुंताबाईच्या सासरी येतो. तिथे वाळूवाल्यांनी नदीचा घाट बळकावलाय, अन् गुंताबाईचा मुलगा मगन त्यांच्या नादी लागलाय. बहिणीच्या सासरी भाऊ म्हणजे अख्ख्या गावाचा मामा. दिपमालाने या भागासाठी पहिल्यापेक्षा दुप्पट बोलणं लिहिलं होतं, अन् पहिल्यापेक्षा चांगलं लिहिलं होतं. आपलं आपण सांगू नये, पण खरं ते खरं.

पैसे घालणारे हितेंद्रभाऊ धुळ्याचे. देवपुरात त्यांचे कॉम्प्युटरचे क्लास. त्यांनी अर्धामुर्धा गेम क्लासमधल्या पोरांपुढे टाकला अन् सोमवारी सकाळी दिपमालाला फोन केला.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. फायटिंगवर पोरं जाम खूश आहेत. पण बोलणं आलं की पटापट बटण दाबून पुढे जातात. एकही वाचत नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही. मी मागे उभा राहून बघितलं. मग मला सांगा, ठेवायचं कशाला? काढून टाकू. सरळ मारामारीचा गेम करू. तुमचं नाव राहीलच की वर."

नाव राहीलच! दिपमालाच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की तिला फोनवर ठसका लागला. मढ्याला टिळा लावतो म्हणे! तरी तिने जीभ आवरली अन् एवढंच म्हणाली, "शनिवारी आम्ही धुळ्याला येतो. तुम्ही स्वतः बसून खेळा. मग काय ते ठरवा."

"येताय तर या. पण मी पण दाबूनच पुढे जाणार, आधीच सांगतो," हितेंद्रभाऊ हसत म्हणाले.

फोन ठेवला अन् ती योगेंद्रकडे वळली. "काठी खराब कर."

"काय?"

"पहिल्यासारखी कर. आरपार जाणारी. मारामारी इतकी गोड लागल्यावर बोलायला कोण थांबेल? तुझ्या काठीने माझी माणसं मुकी केली, योगेंद्र. पहिल्या गेममध्ये मारता येत नव्हतं, म्हणून लोक बोलत होते."

योगेंद्र एरवी शांत मुलगा, पण त्यालाही राग आला. "ताई, भाजी चांगली झाली म्हणून भाकरी करपवायची का? लोक वाचत नसतील तर तो माझ्या काठीचा दोष नाही."

"मग काय माझ्या लिहिण्याचा?"

"मी असं म्हटलं नाही."

"म्हण की! उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं म्हणून टाक!"

त्याने कानात हेडफोन घातला अन् ती दुपारपर्यंत त्याच्या पाठीकडे बघून चडफडत राहिली. खरं सांगायचं तर तिला रडू येत होतं. शाळा सोडली तेव्हा घरचे म्हणाले होते, गेममध्ये कुणी वाचतं का? तिने छातीठोक सांगितलं होतं, वाचतात. आता त्या पोरांनी बटणं दाबून तिला खोटं पाडलं होतं.

दुपारी जेवणाच्या सुटीत लोटनभाऊ वर आले. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते रोज वर येऊन थोडं खेळायचे. पन्नाशीचा धिप्पाड गडी, पण कंट्रोलर हातात आला की लहान मुलासारखी जीभ बाहेर काढून बसायचा. योगेंद्रने त्यांना वाळूघाटावरची लढाई लावून दिली. दिपमालाही, जरा बघू तर, म्हणून मागे उभी राहिली.

लोटनभाऊ सुटले. एक आडवा, दोन आडवे. "घे! अजून घे!" बोलण्याच्या चौकटी आल्या की पोरांसारखंच बटण दाबून पुढे. लोटनभाऊसुद्धा! पहिल्या गेममध्ये म्हशीच्या चोराशी तासभर गप्पा मारणारा हा माणूस! दिपमालाने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात लोटनभाऊंची काठी एका गुंडाच्या पाठीत बसली अन् तो गुंड ओरडला, "ओ मामा! लागस ना!"

लोटनभाऊंनी कंट्रोलर असा टाकला, जसा काही हाताला विंचू चावला. खुर्ची मागे सरकली. ते उभे राहिले अन् स्क्रीनकडे बघून त्यांनी चक्क हात जोडले.

"अरे भो, माले काय माहीत, भाचा शे म्हनून," ते पुटपुटले. मग स्वतःचा उजवा हात डाव्या हातात धरून दिपमालाकडे वळले. "ताई, हे आधी सांगायचं ना! भाच्यावर हात टाकायला लावता माणसाला? भाच्याला मारलं की मामाचा हात कापतो पुढे, म्हातारपणी."

"अहो लोटनभाऊ, खेळ आहे," योगेंद्र म्हणाला.

"खेळ असो नाहीतर काही असो. मी नाही मारत." अन् ते खरंच खाली निघून गेले.

योगेंद्र कानापर्यंत लाल झाला. चूक त्याची होती. मार खाल्ल्याचे आवाज हवे होते, म्हणून त्याने घरी आपल्या भाच्याशी, समाधानशी, खोटी खोटी मारामारी करून आवाज भरले होते. समाधान कॉलेजात जाणारा, चांगला घोड्याएवढा, पण मामाचा एक फटका जरा जास्त बसला अन् तो खरंच ओरडला. तेवढा तुकडा काढायचा राहून गेला होता. "आत्ता काढतो," म्हणून त्याने माऊसला हात घातला.

"खबरदार!" दिपमाला ओरडली. "हात लावू नकोस त्याला."

योगेंद्र थबकला. दिपमाला जिन्याकडे बघत होती. तिच्या डोक्यात जे चाललं होतं, ते तिने तिथल्या तिथे बोलूनच टाकलं. "काठी तीच होती, योगेंद्र. तुझीच, झकास. बाकीच्यांना मारताना थांबले का लोटनभाऊ? नाही. का? कारण ते कुणाचे कुणी नव्हते. आपण काय लिहिलं होतं त्यांच्या नावापुढे? गुंड एक, गुंड दोन! अरे, आपल्याकडच्या गावात असा बिननात्याचा माणूस असतो का कुठे? मारायला उठलं तर समोर कुणीतरी व्याही निघतो, साडू निघतो, नाहीतर भाचा निघतो. दोष काठीचा नव्हता. मी बोलणं लिहिलं गावातल्या माणसांना, अन् मार खायला ठेवली नुसती बुजगावणी."

"मग आता?"

"आता प्रत्येकाला नातं द्यायचं. अन् भाच्याला मारलं तर धनाचा हात कापायला लागेल."

"कापेल म्हणजे?"

"थरथरेल. काठी नेमकी बसणार नाही. काही केल्या."

योगेंद्रने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "ताई, वर्षभर मी तो वार नेमका बसावा म्हणून घासलाय! अन् तू म्हणतेस थरथरेल? माझ्या हाताने माझ्याच कामाची वाट लावू?"

"वाट कसली? तुझा वार नेमका आहे, म्हणून तर तो बिघडल्यावर कळेल. पहिल्या गेममध्ये हात कापला असता तर कुणाला समजलं असतं? तो तसाही झाडाला मारत होता."

यावर योगेंद्रला हसू आलं. हसला, म्हणजे अर्धा राजी झाला. पण उरलेला अर्धा हट्टी होता. बुधवारपर्यंत तो म्हणत राहिला की लोक चिडतील, खेळ टाकून देतील. दिपमाला म्हणत राहिली, चिडू देत. तिने झोपेचं खोबरं केलं. वाळूघाटावरच्या प्रत्येक माणसाला नाव दिलं, घर दिलं, गुंताबाईशी नातं दिलं. एकाला चुलत दीर केलं, एकाला तिच्या नणंदेचा नवरा. मगन तर सख्खा भाचाच होता. त्याला तिने धनावर हात उगारू द्यायचा नाही असं ठरवलं. तुम्ही मारा, तो मारणार नाही. अन् हात बरा करायचं औषध गावात कुठेच ठेवलं नाही. उपाय एकच, मगनकडे जाऊन त्याच्याशी बोलायचं.

गुरुवारी योगेंद्र आपणहून म्हणाला, "थरथर करायचीच आहे तर नीट करू." त्याने वार बसल्यावर कंट्रोलरला जो हिसका दिला होता, त्याच मोटारीतून एक बारीक कंप काढला. भाच्याला मारलं की तो सुरू व्हायचा अन् थांबायचाच नाही. चालताना, पाणी पिताना, नुसतं उभं असतानाही कंट्रोलर हातात हळू हळू कापत राहायचा. दिपमालाने तो हातात घेतला अन् पटकन टेबलावर ठेवला. "जमलं," ती म्हणाली. योगेंद्र सुखावला, पण तसं दाखवलं नाही.

शनिवारी त्यांनी धुळ्याची एसटी धरली. पारोळ्याला योगेंद्र म्हणाला, "ताई, हितेंद्रभाऊंनी ऐकलं नाही तर? काठी तर त्यांना आवडलीये. ते म्हणतील, योगेंद्र, तू राहा, बोलणं तेवढं काढ."

"मग तू काय करशील?"

त्याने खिडकीबाहेर बघितलं. दिपमालाने पुन्हा विचारलं नाही. त्याला घर चालवायचं होतं, त्याला कोणत्या तोंडाने अडवणार? आपण मात्र माघार घ्यायची नाही, एवढं तिने पक्कं केलं. एकटीला परतावं लागलं तरी बेहत्तर.

हितेंद्रभाऊ म्हणजे मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा, अन् घाईचा माणूस. चहा आला, खारी आली, अन् ते खुर्ची ओढून बसलेही. "चला, लावा." अन् सांगितल्याप्रमाणे त्यांनी बोलण्याच्या चौकटी धडाधड उडवल्या. गुंताबाई दारात पाणी घेऊन आली, उडवली. तिने मगनची काळजी सांगितली, उडवली. वाळूघाटावर पोचले अन् काठी फिरवायला लागले. "वा रे पठ्ठे! योगेंद्र, मानलं बुवा तुला!"

मगन पुढे आला. "मामा, बाजूला हो." खाली धनाच्या उत्तरासाठी तीन वाक्यं उमटली. हितेंद्रभाऊंनी बटण दाबलं अन् काठी घातली. मगनने हात वर केला नाही. दुसरा वार बसला तेव्हा तो खाली बसला अन् म्हणाला, "ओ मामा, लागस ना." हितेंद्रभाऊ किंचित थांबले, मग पुढच्या माणसाकडे वळले.

काठी चुकली. पुन्हा मारली, पुन्हा चुकली.

"हा कंट्रोलर बिघडलाय. कापतोय बघ." त्यांनी दुसरा मागवला. तोही कापायला लागला.

"कंट्रोलर नाही भाऊ," योगेंद्र म्हणाला. "हात कापतोय. धनाचा. तुम्ही भाच्याला मारलंत ना."

हितेंद्रभाऊ आधी हसले. मग आणखी तीन वेळा हरले अन् हसू संपलं. "हा काय फाजीलपणा? इतकी चांगली काठी, अन् असा खोडा घालून ठेवलाय! पोरं फेकून देतील हे. ताई, हे तुमचं काम ना? काढा. हात कापणं काढा, बोलणं काढा, सगळं काढा."

दिपमाला उभी राहिली. "नाही काढणार, भाऊ. गेम तुमचा, पैसा तुमचा, दुसऱ्याकडून काढून घ्या. पण मी सांगते, बोलणं काढलंत तर ही काठी नुसतं दांडकं राहील. कुणाला मारलं हेच कळलं नाही तर नेमकं मारून करायचं काय?"

"योगेंद्र, तू सांग यांना," हितेंद्रभाऊ म्हणाले.

बसमध्ये न दिलेलं उत्तर योगेंद्रने आता दिलं. "भाऊ, काठी माझी आहे. ती यांच्या वाक्यांशिवाय मी देणार नाही."

खोलीत नुसता कंट्रोलर गुरगुरत राहिला. हितेंद्रभाऊंना कुणी नाही म्हणायची सवय नव्हती, अन् इथे एकाच वेळी दोघं म्हणाले होते. ते फुरंगटून स्क्रीनकडे वळले. "बघतोच कसा जिंकत नाही ते. कापू दे हात."

जिंकले नाहीत. शेवटी वैतागून त्यांनी धनाला गावाकडे चालवत नेलं. हातपंपावरची बाई त्याला बघून म्हणाली, "आला बाई, भाच्यावर हात टाकणारा." बटणावरचा अंगठा तसाच राहिला. ते वाक्य हितेंद्रभाऊंनी पूर्ण वाचलं. "हिला कुणी विचारलं?" ते गुरकावले. पुढे पारावरच्या म्हाताऱ्याने रामराम घेतला नाही. मघाशी ज्यांना उडवलं होतं, ती सगळी माणसं आता तोंड फिरवून बसली होती, अन् हितेंद्रभाऊ एकेकापुढे थांबून काय म्हणतोय ते वाचत होते. दिपमाला हळूच खुर्चीत बसली. मागून बोलायचं नाही, असं तिने योगेंद्रला डोळ्यांनी खुणावलं.

धना बहिणीच्या दारात पोचला. गुंताबाई म्हणाली, "तो आत शे. तुझ्याशी बोलायचं नाही म्हणतो." दार बंद होतं. खाली तीन वाक्यं उमटली. 'माझं चुकलं, मगन.' 'तू वाळूवाल्यांचा नाद सोड, नाहीतर माझ्याशी गाठ आहे.' अन् तिसरं, नुसतं गप्प बसून राहायचं.

हितेंद्रभाऊंनी वाचलं. वरून खाली गेले, खालून वर आले. कंट्रोलर हातात कापत होता. चहावर साय धरली. कुठलंच वाक्य ते निवडेनात.

"यात ते नाही," शेवटी ते म्हणाले. आवाज बराच खाली आला होता.

"काय नाही?"

"माफी मागायची नाही मला, त्याचंही चुकलंच आहे. अन् दम तर द्यायचाच नाही, आधीच मारून बसलोय. गप्प बसून तरी काय करू?" ते जरासे लाजले, मोठा माणूस लाजतो तसे, रागावल्यासारखे. "मला त्याला विचारायचंय, जेवलास का म्हणून. आपलं, जेवना का रे? असं. तेवढंच."

दिपमालाला कुणीतरी मुस्कटात मारल्यासारखं झालं. इतकी वाक्यं लिहिली, झोपेचं खोबरं केलं, शब्दांची केवढी मिजास मिरवली, अन् रुसलेल्या भाच्याच्या दारात उभा राहिलेला मामा पहिलं काय बोलेल, तेच नेमकं राहिलं होतं! तिला लाज वाटली, अन् त्याच वेळी इतका आनंद झाला की काय सांगावं. तिने लॅपटॉप ओढला. बोटं भराभर चालली. चौथी ओळ उमटली. जेवना का रे, मगन?

हितेंद्रभाऊंनी लगेच बटण दाबलं. मग वाट बघत बसले. बंद दार तसंच राहिलं.

"तो काय म्हणतो?"

"त्याचं उत्तर लिहिलेलं नाही अजून," दिपमाला म्हणाली. तिने त्यांच्याकडे सरळ बघितलं. "पण भाऊ, बोलणं तर काढायचं होतं ना?"

हितेंद्रभाऊंनी कंट्रोलर खाली ठेवला नाही, अन् दारावरची नजरही काढली नाही.

"ते जाऊ द्या हो ताई," ते म्हणाले. "आधी त्याचं उत्तर लिहा."